वेगळी चूल

टार्लटन, मिसिसिपी
७ सप्टेंबर १९९४

प्रिय ओझेला आत्या,

आपण दोघी एकत्र जेवतो का? काल सरकारी कचेरीत मला हा प्रश्न विचारला आणि मला उत्तर देता आलं नाही. आपल्या घरातली पहिली पदवीधर मी, उद्या दुसऱ्यांच्या मुलांना प्रश्न विचारणार, आणि नुसती पेन चावत बसले.

पहिल्यापासून सांगते. तू बोटीवर गेलीस त्याला दहा दिवस झाले. कॉलेजच्या फलकावर एक कागद लागला होता. त्यात लिहिलं होतं की कमी कमाई असलेल्या विद्यार्थ्याचं आठवड्याला वीस तासांचं पगारी काम असेल तर त्याला किराण्यासाठी सरकारी अन्नकुपनं मिळू शकतात. लाँड्रीत माझे बावीस तास होतात. म्हणून मी अर्ज भरायला गेले. टेबलामागे मिसेस प्रुइट नावाच्या बाई होत्या.

"घर कुणाचं?"

"माझ्या आत्याचं. ती नदीवरच्या बोटीत स्वयंपाक करते. साठ दिवस बोटीवर असते, तीस दिवस घरी."

"अन्न एकत्र विकत घेता? एकत्र शिजवता?"

"ती घरी असते तेव्हा..."

"मुली, चौकोन दोनच आहेत. हो आणि नाही. 'असते तेव्हा' असा चौकोन छापलेला नाही."

'हो' म्हटलं तर तुझा पगार आणि माझा पगार एकाच घरातला धरतात, आणि मग काहीच मिळत नाही. 'नाही' म्हटलं तर मी एकटीच मोजली जाते आणि कुपनं मिळतात. पण त्यासाठी घरमालकिणीचं, म्हणजे तुझं, पत्र लागतं, की ही मुलगी आपलं अन्न आपण आणते आणि आपण शिजवते. तू विचार करून सांग. तोवर मी चौकोन कोरा ठेवलाय.

मी हे का करतेय असं तू विचारशील. लाँड्रीचे मिस्टर हॅस्क्यू म्हणतात, पूर्ण वेळ ये, पैसे बरे मिळतील. पण पूर्ण वेळ गेले तर दुपारचा शाळेतला शिकवण्याचा सराव सुटेल, आणि तो सुटला की शिक्षिकेचा परवानाही गेला. हा पदवीनंतरचा अभ्यासक्रम मे महिन्यात संपतो, तोपर्यंत कसंही करून बावीस तासांवर निभवायचंय. फ्रीझरमधल्या तुझ्या पाकिटांची काळजी करू नकोस. मला माझ्या पायावर उभं राहायचंय, एवढंच.

तुझी,
रेनेटा

•

'मिस आयडा बेल' बोट, केरोजवळ
१५ सप्टेंबर

रेनी,

तुझं पत्र काल किराण्याबरोबर आलं. आधी कांदे मोजले, मग ते वाचलं. आधी वाचलं असतं तर कांदे मोजताच आले नसते.

बावीस वर्षं मी या नदीवर अकरा-अकरा बाप्यांना दिवसातून चार वेळा जेवू घालते. कॅप्टन डॉयल म्हणतो, ओझेला, तुझ्या रस्स्यासाठी मी बोट उलटी फिरवीन. गेल्या आठवड्यात डेकवरचा एक नवा माणूस म्हणाला, बिस्किटं कडक आहेत. त्याला दोन दिवस खरंच कडक दिली. तिसऱ्या दिवशी टोपी काढून माफी मागायला आला.

आणि माझ्याच घरात, माझ्याच भावाची पोर वेगळी चूल मांडणार, आणि वर मी तसं लिहून द्यायचं? की मी हिला जेवायला घालत नाही? असलं काही माझ्या हातून लिहून होणार नाही, बाई.

निघायच्या आधी चार दिवस उभी राहून मी साठ पाकिटं भरली. भात आणि कोंबडीचा रस्सा, पावटे, मोहरीची पालेभाजी, मक्याचा पाव. प्रत्येकावर वार लिहिला. तुझ्या आईने शिकागोची गाडी पकडली तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. त्या दिवसापासून तू एकदा तरी उपाशी झोपलीस का? खरं सांग. की पदवी मिळाल्यापासून आत्याचे पावटे घशाखाली उतरत नाहीत? तसं असेल तर सरळ बोल, मी रागावणार नाही. म्हणजे रागावेन, पण उतरेल राग.

तू त्रास घेऊ नकोस. मी त्या प्रुइटबाईंना परस्पर पत्र टाकलंय. लिहिलंय की रेनेटा टार्व्हर माझ्या हातचं खाते, आजवर खात आली, आणि माझ्या छपराखाली कुणी उपाशी राहतं असं मी कधीही लिहून देणार नाही. खाली पूर्ण नावाने सही केलीय. आता तो चौकोन भरायची तुला काळजी नाही.

माझा दुखरा गुडघा ठीक आहे. नदीचं पाणी उतरलंय, बोट हळू चाललीय.

आत्या

•

टार्लटन
२६ सप्टेंबर

प्रिय आत्या,

अर्ज फेटाळला. मिसेस प्रुइटनी तुझं पत्र माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाल्या, "तुझ्या आत्याचं अक्षर फार सुरेख आहे. माझा मात्र नाइलाज झाला."

मला तुझा राग आला. घरी येईपर्यंत मी मनात तुला बरंच काही बोलले. मग दार उघडून स्वयंपाकघरात उभी राहिले आणि लक्षात आलं की चूक तुझी नाही. तू तुला माहीत होतं तेच लिहिलंस. मीच तुला सगळं कळवलं नव्हतं.

पाकिटं नाहीत, आत्या. दोन तारखेला संध्याकाळी वादळात रस्त्यावरच्या विजेच्या खांबावरचं यंत्र जळलं. वीज दुसऱ्या दिवशी परत आली, फ्रीझर काही सुरू झाला नाही. मी शेजारच्या मिस्टर क्लीटसना बोलावलं. त्यांनी मागे वाकून पाहिलं, हुंगलं आणि म्हणाले, "हा गेला, पोरी. याच्यासाठी प्रार्थनासुद्धा उशिराच होईल." तिसऱ्या दिवशी मी अंगणात खड्डा खणला आणि सगळी पाकिटं पुरली. कुत्री उकरतील म्हणून वर विटा रचल्या. एकावर तुझ्या अक्षरात लिहिलं होतं, 'बुधवार, हळू खा.' ते मात्र मी सगळ्यात शेवटी पुरलं.

तुला कळवलं नाही, कारण गेल्या वर्षी छप्पर गळतंय असं लिहिलं तर तू विक्सबर्गला उतरून बसने घरी आलीस आणि अर्ध्या फेरीचा पगार घालवलास. पुन्हा तेच झालं असतं.

पहिलं पत्र लिहिलं तेव्हा खड्डा खणून दोनच दिवस झाले होते. 'पाकिटांची काळजी करू नकोस' हे वाक्य मी तीनदा वाचून पाहिलं आणि स्वतःला सांगितलं की यात एकही शब्द खोटा नाही. सरकारच्या कागदावर खोटी खूण करायची नाही म्हणून मी चौकोन कोरा ठेवला, आणि तुला मात्र असं वाक्य लिहिलं. याची मला त्या फेटाळलेल्या अर्जापेक्षा जास्त लाज वाटते.

तेव्हापासून शेंगदाण्याचं लोणी, पाव आणि पाकिटातल्या शेवया खाते. परवा चौथीच्या वर्गात फळ्यावर भागाकार मांडत होते, तर पोट इतकं वाजलं की पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मिस टार्व्हर, तुमच्या आत कुणीतरी आहे." सगळा वर्ग हसला, मीही हसले. पण शेवटच्या तासाला मला टेबल धरून उभं राहावं लागलं.

मिस्टर हॅस्क्यूंना महिनाअखेर उत्तर हवं होतं. मी त्यांच्याकडून ऑक्टोबरअखेरपर्यंत मुदत मागून घेतली.

तुझे पावटे मला आवडतात. हे पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं.

रेनेटा

•

'मिस आयडा बेल', मेंफिसच्या वर
४ ऑक्टोबर

रेनेटा,

पत्र वाचलं आणि त्या दिवशी रस्सा करपला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. सगळ्यांनी तो तसाच संपवला. माझा चेहरा पाहिला असणार.

आधी शिव्या खा. माझी साठ पाकिटं मातीत घालून माझ्याच पोरीने मला कळवलं नाही. एक महिना शेवया खाल्ल्या. त्या असतात तरी कशाच्या? विक्सबर्गला उतरले होते तो पगार माझा होता, घालवायचा की ठेवायचा ते मी बघून घेईन. पुन्हा माझ्यापासून असं काही लपवलंस तर पदवीसकट कान धरीन.

झालं. आता दुसरं सांगते. हे मी तुझ्या बापालाही नीटसं सांगितलं नव्हतं, तो तेव्हा लहान होता.

मी एकोणीस वर्षांची होते. मळ्यावर कापूस वेचायची यंत्रं आली आणि आमच्या हातचं काम गेलं. त्याआधी सरकार फुकट पीठ आणि चीज वाटायचं. ते बंद झालं आणि कुपनं आली. ती कुपनंही तेव्हा पैसे भरून विकत घ्यावी लागत, आणि आमच्याकडे पैसेच नव्हते. कचेरीत आईला सांगितलं, मळ्याच्या मालकाकडून लिहून आण की तुम्हाला काम नाही आणि कमाई नाही, मग बघू. आई मला घेऊन मालकाच्या मागच्या दाराशी गेली. टोपलीत अंडी होती, रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून. त्याने अंडी घेतली. मग म्हणाला, "माझ्या जमिनीवर कुणी उपाशी राहतं असं मी लिहून देणार नाही. लोक काय म्हणतील?" आणि दार लावून घेतलं. त्याला वाईट वाटलं होतं बहुतेक. तो काही दुष्ट माणूस नव्हता. पण त्या हिवाळ्यात आमच्या घरात दोन वेळा चूल पेटली असे दिवस मी बोटांवर मोजू शकते.

मी स्वयंपाकीण झाले ती त्या हिवाळ्यामुळे. ज्या खोलीत नेहमी काहीतरी शिजत असेल त्याच खोलीत उभं राहायचं, एवढंच ठरवलं होतं.

तुझं पत्र वाचल्यावर मी प्रुइटबाईंना काय लिहिलं होतं ते आठवून पाहिलं. जवळजवळ त्याचेच शब्द. आणि मी तर खाली पूर्ण नावाने सही ठोकली. नंतर बराच वेळ मी बटाटे सोलत बसले, नको होते तरी.

तर मी ठरवलंय. पुढच्या आठवड्यात मेंफिसला बोट थांबेल तिथे मी उतरते. घराजवळच्या इस्पितळात स्वयंपाकघरात माणूस हवंय असं ऐकलंय. पगार निम्मा आहे, पण रोज घरी असेन आणि तुला माझ्या हाताने ताट वाढीन. मग तो चौकोन हो म्हणो की नाही.

आत्या

•

टार्लटन
६ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

मेंफिसला उतरू नकोस. तुझं पत्र आज सकाळी मिळालं. किराणा पोचवणाऱ्या कंपनीला मी फोन केला. ते म्हणाले, आज टाकलंस तर बोट यायच्या आत पत्र धक्क्यावर असेल. म्हणून लाँड्रीतच, इस्त्रीच्या टेबलावर लिहितेय.

तू दिलेल्या शिव्या मी खाल्ल्या. आजीची गोष्ट दोनदा वाचली. पण तू तो मालक नाहीस. त्याने दार लावल्यावर पुढे कुणाचं ऐकलं नाही. तू बोट सोडायला निघालीस. पण बोट सोडून काही होणार नाही. निम्म्या पगारात दोघी अडकू आणि इस्पितळाच्या आळणी सुपात तुझा जीव जाईल. त्यांना तिथे मिरीसुद्धा चालत नाही.

मी काय केलंय ते ऐक. फेटाळल्याच्या कागदाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं की निर्णय मान्य नसेल तर सुनावणी मागता येते. ते वाचलं त्याच दिवशी मी ती मागितली. एकवीस तारीख मिळाली. मग मी वाचनालयात जाऊन नियमांचं जाडजूड पुस्तक काढलं. ग्रंथपाल म्हणाल्या, हे अकरा वर्षांत कुणी मागितलं नव्हतं. त्यात 'एकत्र जेवणं' म्हणजे काय ते सापडलं. एकाच टेबलावर बसणं असा त्याचा अर्थ नाही. नातं, प्रेम, कुणाचं छप्पर, यातलं काही नाही. बहुतेक जेवणं, म्हणजे निम्म्याहून जास्त, एकत्र विकत घेऊन एकत्र शिजवली तर ते एक घर.

तू नव्वदातले साठ दिवस बोटीवर खातेस. तीस दिवस घरी. तीस हे नव्वदाचे निम्मे नाहीत. चौथीच्या मुलांनाही हे येतं.

म्हणून मला जेवायला घालत नाहीस असं लिहू नकोस. ते खोटं आहे आणि तुझ्याकडून मला ते नकोच आहे. फक्त एवढंच लिही की तू साठ दिवस बोटीवर असतेस, तिथेच जेवतेस, आणि फ्रीझर बंद पडल्यापासून तुझं शिजवलेलं काही घरात नाही. कॅप्टनची सही मिळाली तर उत्तम.

मिसेस प्रुइट काल मला कचेरीबाहेर गाठून हळूच म्हणाल्या, "मुली, इतकं कशाला? सगळे 'नाही'वर खूण करतात आणि मोकळे होतात." त्या मनाने चांगल्या आहेत. मी म्हटलं, मी 'नाही'वरच खूण करणार आहे, पण का ते सांगून.

रेनेटा

•

'मिस आयडा बेल', मेंफिस
११ ऑक्टोबर

रेनी,

पिशवी भरून धक्क्यावर उभी होते तेव्हा किराणावाल्याने तुझं पत्र हातात दिलं. उभ्याउभ्या वाचलं. कॅप्टन डॉयल वरून ओरडला, "ओझेला, जातेस की राहतेस? राहणार असशील तर ते टोमॅटो चढवून घे." मी टोमॅटो चढवून घेतले.

सोबत कागद आहे. मी किती दिवस बोटीवर असते ते कॅप्टनने बोटीच्या वहीतून उतरवून काढलं, सही केली आणि बोटीचा शिक्का मारला. शिक्का त्याने कधी वापरलेला नव्हता, शाई घट्ट झालेली, म्हणून दोनदा मारला. खाली माझं तू सांगितलंस तेवढंच, एक शब्द जास्त नाही. पहिल्या पत्राला हे जोडून वाचावं असंही लिहिलंय.

बोटीवरच्यांना सगळं कळलंय, इथे काही लपत नाही. तो बिस्किटवाला म्हणाला, "सुनावणीत तुमच्या भाचीला माझ्याकडून साक्ष हवी का? बाई बोटीवरच असतात, मला चांगलं माहीत आहे."

एक मात्र विचारते. तुझं ते निम्म्याचं गणित मला पटलं. पण त्या तीस दिवसांबद्दल विचारलं तर? तिथे काय सांगशील? मी घरी आले की तुझ्या पातेल्याकडे बघत कोपऱ्यात बसायचं का? तू म्हणालीस तर बसेन. फक्त आधी सांग, म्हणजे मनाची तयारी होईल.

सत्तावीसला दुपारी घरी पोचते.

आत्या

•

स्वयंपाकघराच्या दारावर
२७ ऑक्टोबर, सकाळ

आत्या,

हे पत्र टपालात न टाकता दारावर चिकटवून जातेय, कारण तू पोचशील तेव्हा मी वर्गात असेन. आत जायच्या आधी वाच.

सुनावणी एका लहानशा खोलीत झाली. अधिकारी राजधानीहून आले होते, वयस्क, हळू बोलणारे. त्यांनी तुझी दोन्ही पत्रं वाचली. बोटीचा शिक्का दिव्याखाली धरून पाहिला आणि म्हणाले, "हा दोनदा का मारलाय?" मी म्हटलं, शाई घट्ट होती. ते हसले नाहीत, पण त्यांनी तसं लिहून घेतलं.

मग त्यांनी तूच विचारला होतास तो प्रश्न विचारला. "आणि तुमची आत्या घरी असते ते तीस दिवस? तेव्हा तुम्ही वेगळं शिजवणार का?"

मिसेस प्रुइट त्यांच्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहून किंचित मान हलवली, की म्हण हो, वेगळं शिजवणार.

मी म्हटलं, "नाही साहेब. ते तीस दिवस आम्ही एकत्र जेवणार. मी नऊ वर्षांची असल्यापासून जेवतो. त्याचं जे काय व्हायचं ते होऊ दे. तुम्ही दिवस मोजा, आणि मोजणीत मी बसत नसेन तर पुन्हा फेटाळा."

त्यांनी पेन्सिलीने कागदाच्या कडेला नव्वदातून तीस वजा केले. मी उलट्या बाजूने आकडे वाचत होते. मग म्हणाले, "निर्णय टपालाने येईल." बाहेर आल्यावर मिसेस प्रुइट म्हणाल्या, "तू शिक्षिका झालीस तर माझी नात तुझ्याच वर्गात घालीन, आणि तिची मला दयाही येईल."

निर्णय मंगळवारी आला. मी वेगळं घर आहे. सप्टेंबरपासून धरलंय. पहिली कुपनं काल हातात आली. त्यातून पीठ, अंडी, दूध, गाजरं आणि पावटे आणले. मिस्टर हॅस्क्यूंना काल संध्याकाळीच सांगून आले की बावीस तास, मे महिन्यापर्यंत, त्याहून एक तासही जास्त नाही. ते म्हणाले, विचार कर. मी म्हटलं, केला.

आता त्या तीस दिवसांबद्दल. कुपनं माझ्या एकटीच्या ताटासाठी आहेत. त्यातून तुला खाऊ घालणं नियमात बसत नाही, आणि मी तो पाळणार आहे. म्हणून तुझ्या वाट्याचं सगळं, कोंबडी, पावटे, गाजरं, मी लाँड्रीच्या पगारातून आणलं. कोंबडी पहाटेच ताकात भिजत घातलीय. पावटे भिजवलेत, गाजरं चिरून ठेवलीत. शाळा साडेतीनला सुटते, चारला मी घरी असेन आणि तळायला घेईन. तू टेबलाशी बसायचं आहेस. कडक झाली तर सांग, मी टोपी काढून माफी मागेन. पण उठायचं नाही. उद्यापासून आळीपाळीने करू, एक दिवस तू आणि एक दिवस मी. आजचा दिवस माझा.

तू ऐकणार नाहीस हे मला माहीत आहे, आणि ॲप्रनशिवाय तू चुलीपाशी जात नाहीस हेही. म्हणून तुझे दोन्ही ॲप्रन मी आत्ता धुतले आणि मागच्या दोरीवर टाकले. दोन्ही ओले आहेत.

रेनेटा